हिवाळ्यातील लांब दुपारी लहान मुलांना रमवणे हे पालकांचे काम आहे का?

गोथेनबर्गकर:

स्वीडनमध्ये धाकट्या भावंडासाठी पालक रजेवर असतील, तर थोरल्या मुलाला बालवाडीत आठवड्याला किमान १५ तास मिळतात, आणि आमच्या वाट्याला नेमके तेवढेच आले आहेत. त्यामुळे आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव दुपारी बारा वाजता घरी परततात. तेथून त्यांचे वडील साडेपाचला कामावरून येईपर्यंत ते, आठ महिन्यांची धाकटी आणि मी असे तिघेच घरात असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात येथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. बर्फ असता तर मुलांना निदान त्यात लोळता आले असते. पण गोथेनबर्ग समुद्रकाठी असल्याने येथे बर्फ कमी आणि आडवा पाऊस जास्त.

माझे मत असे आहे की या साडेपाच तासांची आखणी करणे हे मोठ्यांचेच काम आहे. ‘मुले आपोआप खेळतात’ हे वाक्य मी फार ऐकले आहे, परंतु ते एकच मूल असलेल्या किंवा दाराशी अंगण असलेल्या घरापुरतेच खरे आहे. धाकटीला सर्व काही तोंडात घालायचे असते, आणि थोरल्याला नेमक्या तोंडात मावतील अशाच वस्तू रांगेत मांडायच्या असतात. म्हणून मी घराचे दोन मजले केले आहेत: थोरल्याचे राज्य जेवणाच्या टेबलावर, धाकटीचे जमिनीवर. जमिनीवर स्टीलच्या वाट्या, एक पळी आणि एकात एक बसणारे डबे. वर कणकेचा गोळा, पोळपाट आणि बोथट सुरी.

उजेड आहे तोवर पाऊस असो वा नसो, आम्ही बाहेर जातो. येथे बाळांना बाबागाडीत, उघड्या हवेत झोपवण्याची पद्धत आहे. धाकटी त्या तासाभरात गाढ झोपते आणि थोरला डबक्यांमध्ये पाय आपटत फिरतो. अंधार पडल्यावर मी सगळे दिवे मालवते, गहू चाळायची चाळणी घेते आणि तिच्याखाली टॉर्च धरते. छतभर ठिपके उमटतात आणि चाळणी हलवली की तेही सरकतात. धाकटी रडणे विसरून आ वासून बघत राहते, आणि महिनोन्‌महिने आभाळात ढगच पाहिलेला थोरला त्या ठिपक्यांना ‘पाऊस’ म्हणतो. पुढे लांबलेली आंघोळ आणि मग वरणभात.

टीव्ही-मोबाइलचा पडदा मी पूर्णपणे बंद ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाखालील बाळांना पडदा नको आणि दोन वर्षांच्या मुलाला तासाभराहून अधिक नको, असे सांगितले. येथील सार्वजनिक आरोग्य खात्याने २०२४ मध्ये दोन वर्षांखाली अजिबात नको, असेच म्हटले. थोरला दोनच्या पुढे गेला असला तरी धाकटी त्याच खोलीत असते. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

निवांत:

आपले वेळापत्रक वाचूनच मला धाप लागली. मूल रमते, हे आपले साधे क्रियापद आहे. ‘रमवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे क्रिया मुलाची आणि खटपट दुसऱ्याची. ती खटपट आपण रोज साडेपाच तास करत राहिलात, तर मुलालाही आपल्याशिवाय करमेनासे होईल आणि पुढच्या हिवाळ्यात आपल्याला चाळणीऐवजी सर्कस आणावी लागेल.

माझ्या दोन्ही मुली कॅनडात, मिसिसॉगात वाढल्या. थोरली दोन वर्षांची असताना मीही आपल्यासारखीच कागद, रंग आणि गोंद घेऊन तिच्या मागे असे. एका जानेवारीत ताप आल्यामुळे मी नुसती पडून राहिले. पहिली पंधरा-वीस मिनिटे तिने रडून घर डोक्यावर घेतले आणि मग मोज्यांचा खण ओढला. एक मोजा काढायचा, हातात घालायचा, मला आणून दाखवायचा, परत जाऊन ठेवायचा आणि दुसरा काढायचा, असे तिचे पाऊण तास चालले होते. मी न राहवून ‘जोडी लाव बघू’ म्हणाले आणि खेळ तेथेच संपला. तो खेळ जोडीचा नव्हताच, आणि कशाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

आपण आपल्या कामाला बसा. मेथी निवडा, मटार सोला, कपड्यांच्या घड्या घाला. मुलाला ताटलीत थोडा राजमा आणि हरभरे द्या आणि एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतू द्या. त्याचा कंटाळा त्याच्यापाशी राहू द्या. प्रत्येक कुरकुरीला नवा खेळ पुढे करणे म्हणजे भूक लागण्याआधीच भरवणे आहे.

रात्रपाळी:

मी नाशिकला बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. मुलांना रमवावे की नाही या वादात मी पडत नाही, परंतु राजमा आणि हरभऱ्यांची ताटली वाचून लिहिणे भाग पडले. नाकात घातलेला हरभरा ओलाव्याने फुगतो आणि मग सहजासहजी निघत नाही. शेंगदाण्याचा किंवा कडधान्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर तो साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाही. मुलाला एकदा जोराचा ठसका लागतो, मग ते शांत होते, आणि पुढे येणारा खोकला हिवाळ्यातील सर्दीचा समजून घरी हळददूध चालू राहते. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती नको, एवढी एकच कसोटी मी सर्वांना सांगते.

गोथेनबर्गकर, आपल्या टॉर्चमध्ये चपटा, बटणासारखा सेल असेल तर तो टॉर्च आजच्या आज घराबाहेर काढावा. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही तेथे गंभीर जखम होऊ शकते. आंघोळीच्या वेळी फोन वाजला तरी उठू नये. आठ महिन्यांच्या बाळाला बुडायला चार बोटे पाणी पुरते.

आणि निवांतताई, ‘त्याचे त्याला खेळू द्या’ हा सल्ला एका मुलाच्या बाबतीत मला मान्य आहे. दोन वयांची मुले एका सतरंजीवर असली की थोरले धाकट्याला प्रेमाने भरवू लागते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच हकिगती ‘दादाने दिले’ या शब्दांनीच सुरू होतात.

रजेवरचा बाबा:

स्वीडनमधील ४८० दिवसांच्या रजेपैकी प्रत्येक पालकाचे ९० दिवस राखीव असतात आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. मी त्याहून अधिक, म्हणजे सलग सात महिने रजा घेतली आणि नेमका ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ वाट्याला आला. त्यामुळे अनुभवाने सांगतो की वरील दोन्ही मतांत दुपारी साडेचारची वेळ कोणीच धरलेली नाही. तेव्हा कुकर लावायचा असतो, धाकट्याला भूक आणि झोप एकदम येते आणि थोरलीला नेमकी त्याच क्षणी शू लागते. बाहेर मध्यरात्रीसारखा अंधार असतो. अशा वेळी थोरलीला वीस मिनिटे टीव्हीसमोर बसवले म्हणून मी वाईट बाप ठरत नाही. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन उकळत्या आमटीशी उभे राहणे मला अधिक धोक्याचे वाटते. शिफारशींतही दोन वर्षांच्या मुलाला तासभरापर्यंत मुभा आहे, हे गोथेनबर्गकरांनी स्वतःच लिहिले आहे.

व्हिडिओ कॉलला तर पडदा म्हणूच नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितले, तेव्हाही व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास मागे असतो, म्हणजे आपल्या साडेतीनला पुण्यात रात्रीचे आठ वाजतात. आमचे आजोबा तेव्हा जेवायला बसतात आणि फोन आमटीच्या पातेल्याला टेकवून ठेवतात. थोरली येथून ‘आजोबा, आ’ म्हणते आणि ते तिकडे घास घेतात. भाकरी संपेपर्यंत हे चालते. त्यांचे जेवणही अलीकडे दोन घास वाढले आहे, असे आई सांगते.

माहुलीची आजी:

मी तीन वर्षांपूर्वी नातवंडासाठी स्टॉकहोमला गेले होते. व्हिसा ९० दिवसांचा होता, म्हणून लेकीने मला नोव्हेंबर ते जानेवारी असे अगदी काळोखाच्या मोसमात बोलावून घेतले. तुम्हा सर्वांचे वाचून मला वाटले की तुम्ही मुलांविषयी भांडता आहात, आणि अडचण मात्र मोठ्या माणसांची आहे.

आमच्या घरात पाच बायका होत्या आणि मुलांना रमवायला एकीलाही वेळ नव्हता. एकीच्या मांडीवरून उतरलेले मूल दुसरीच्या सुपाजवळ जाऊन बसे, तेथून तिसरी उचलून नेई. निवांतताई म्हणतात तसे ते आपोआप खेळे खरे, पण दाणा तोंडात गेला तर बोट घालून काढायला कोणीतरी हाताच्या अंतरावर असे. त्या काळी सर्व छान होते असे मी म्हणणार नाही. बाळाने निजावे म्हणून बाळगुटीत अफूचा कण उगाळणाऱ्या बायका माझ्या आजीने पाहिल्या होत्या. तो त्या वेळचा मोबाइलच म्हणायचा.

स्टॉकहोमला लेकीच्या घराजवळ एक खुली बालवाडी होती. फी नाही, नाव नोंदवणे नाही. पालकांनी मुलांबरोबरच थांबायचे आणि शेवटी सर्वांनी गोल बसून गाणी म्हणायची. मला भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी तळहातावर भात शिजवून एकेका बोटाला वाढायचा आणि मग काखेत गुदगुल्या करायच्या, हा आपला खेळ मी तेथील चार-पाच बाळांशी खेळले आणि पुढच्या आठवड्यात ती बाळे हात पुढे करून माझ्याकडे आली. लेक त्या दोन तासांत कोणाशीतरी बोलायची आणि घरी आल्यावर मुलावर ओरडायची नाही. गोथेनबर्गकर, तुमच्या भागात अशीच दुसरी एखादी आई असेल, तर मंगळवारी तुमच्या घरी आणि गुरुवारी तिच्या घरी असे ठरवा. चार मुले दोघींना जड जात नाहीत. दोन मुले एकटीला जातात.

गोथेनबर्गकर:

रात्रपाळीताई, टॉर्च उघडून पाहिला. त्यात साधे लांबट सेल आहेत आणि झाकणाला स्क्रू आहे. तरीही आता तो फ्रिजवर असतो.

आजी, तुमचे म्हणणे पटते, पण येथील हिवाळ्यात ते अंमलात आणणे अवघड जाते. मागील महिन्यात आम्ही खुल्या बालवाडीत तीनदा गेलो आणि दोनदा आजार घेऊन परतलो. नोरोव्हायरसला स्वीडिश भाषेत ‘हिवाळी उलट्यांचा आजार’ असेच नाव आहे, यावरून काय ते समजावे. त्यावर हाताला लावायचे जंतुनाशकही फारसे चालत नाही, साबण आणि पाणीच लागते. घरातील चौघे एकापाठोपाठ आडवे झालो. तरीसुद्धा मी आमच्याच इमारतीतील एका बाईंना मंगळवारसाठी विचारले आहे. त्या इराणी आहेत. त्यांचा मुलगा आमच्या थोरल्याहून महिन्याने मोठा आहे.

रजेवरच्या बाबांना एवढेच सांगते की वीस मिनिटांवर माझा राग नाही. टीव्ही बंद करताना जे रणकंदन होते त्याची चाळीस मिनिटे आपण हिशेबात धरली नाहीत. व्हिडिओ कॉल मात्र कालपासून सुरू केला आहे.

निवांतताई, आपला मोज्यांचा खणही मी उघडा ठेवून पाहिला. थोरल्याने धाकटीच्या एका पायात एकावर एक चार मोजे चढवले, ती खिदळली, मग त्याने वरचा एक मोजा ओढला आणि ती बसल्या जागी आडवी झाली. एकूण बारा मिनिटे; मी घड्याळ लावले होते. माझे मत बदललेले नाही. आखणी नसेल तर दिवस मुलांच्या नव्हे, माझ्या सहनशक्तीच्या बळावर चालतो, आणि ती साडेतीनला सूर्याबरोबरच मावळते.

निवांत:

राजम्याविषयीची चूक कबूल करते. माझ्या मुलींनी तो कधी तोंडात घातला नाही, म्हणून मी तो निर्धोक समजत होते. बाकी माझेही मत बदललेले नाही. घड्याळ लावून बसलात तर बारा मिनिटे बाराच दिसणार. एकच विचारते. चाळणीचा तो खेळ, ज्याला आपण आपल्या आखणीत मानाचे स्थान दिले आहे, तो प्रथम सुचला कसा? त्या दिवशी चाळणी आधी कोणी उचलली होती?

गोथेनबर्गकर:

थोरल्याने. तो ती टोपी म्हणून डोक्यावर घालून स्वयंपाकघरातून आला होता. टॉर्च मात्र मी लावला.