'हंगामी वाचनयादी' म्हणजे मोसमाची की तात्पुरती?

ओळंबा
आषाढी ते कार्तिकी या काळात वाचायच्या जुन्या, गाजलेल्या मराठी कादंबऱ्यांवर टिपण लिहितो आहे. कुठली आधी घ्यावी, कुठली मागे ठेवावी, रोज किती वाचावं, असं. शीर्षक दिलं: 'पावसाळ्यासाठी हंगामी वाचनयादी'. खर्डा ज्यांनी तपासला त्यांनी 'हंगामी'भोवती लाल गोल काढला. त्यांच्या मते हंगामी म्हणजे तात्पुरती. हंगामी अध्यक्ष, हंगामी कामगार, तशी हंगामी यादी. पक्की यादी मागून येणार आहे असा समज होईल म्हणे. 'मोसमी' लिहिलं तर नैर्ऋत्येचे वारे सुटतात. 'सीझनल'ला दुसरं काय म्हणाल?

जोडाक्षर
हंगाम फारसी, यादी फारसी, मोसम अरबी. तीन शब्दांच्या शीर्षकात मराठीने फक्त प्रत्यय पुरवायचे का? 'ऋतुकालीन ग्रंथसूची' म्हणा, वाद मिटला.

तळटीप
वाद वाढला. 'ऋतुकाल' हा धर्मशास्त्रातला पारिभाषिक शब्द आहे आणि तो गर्भधारणेला योग्य अशा दिवसांसाठी वापरतात. कादंबऱ्यांच्या शीर्षकात घालण्याआधी कोश उघडलेला बरा.

'सूची'ही इथे चालणार नाही. सूची म्हणजे जे जे आहे त्या सगळ्याची नोंद. शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहा: पहिल्या भागात १८०० ते १९३७ मधली मराठी पुस्तकं विषयवार लावली आहेत. त्यातून काही वाचायचं की नाही हा तुमचा प्रश्न. यादीत निवड असते आणि पुढे काही करायचं असतं. किराण्याची यादी असते; लग्न ठरलं की याद्या करतात, सूच्या करत नाहीत.

आता 'हंगामी'. दोन्ही अर्थ चालू आहेत आणि कुठला लागेल ते शेजारचं नाम ठरवतं. पुढे माणूस किंवा पद आलं की तात्पुरता. पीक, फळ, भाव, धंदा आला की मोसमातला. फारसीत 'हंगाम' म्हणजे वेळ, समय. तात्पुरतेपणा मराठीत कसा चिकटला ते साखर कारखान्यात दिसतं. गळीत हंगामापुरता कामावर घेतलेला तो हंगामी, बारमाही असतो तो कायम. तिथे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या अंगावर आहेत. यादी ना पद ना पीक, म्हणून ती मधेच लोंबकळते. लाल गोल अगदीच चुकीचा नाही.

खतावणी
शब्द ठरेपर्यंत आकडे मांडून घेऊ.

चातुर्मास साधारण ११८ दिवसांचा. मधे अधिक महिना आला की पाच महिने होतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. गणपती, नवरात्राचे शेवटचे दिवस आणि दिवाळी मिळून वीस दिवस सरळ वजा करा. त्या दिवसांत वाचू म्हणणाऱ्याची यादी तिथेच फसते. उरले ९८. रोज अर्धा तास धरला तर डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकाराची १५ पानं होतात, म्हणजे सगळी मिळून १४७०. यात बसतं ते असं: पाचेकशे पानांची एक जाड, अडीचशेच्या आसपासच्या तीन आणि शंभर-सव्वाशेच्या दोन. सहा. बारा लिहिल्या तर सहा उरतात.

१५ ही सरासरी आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले वऱ्हाडी संवाद कानाला सरावेपर्यंत १० वर अडकाल. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' एका सुट्टीच्या दिवसात संपेल, पण ते तसं संपवू नये असं माझं मत.

क्रम: जाड कादंबरी आषाढातच उघडायची. ती भाद्रपदाकडे ढकलली की गणपतीत तुटते आणि पितृपंधरवड्यात पुन्हा हाती घेतली तर निम्मी पात्रं विसरलेली असतात. बारीक पुस्तकं सणांच्या अलीकडे-पलीकडे ठेवावीत. आणि एकाच मुलखाच्या दोन लागोपाठ नकोत. 'गारंबीचा बापू' आणि 'रथचक्र' एका दमात घेतली की दोन्हींतलं कोकण एकमेकांत मिसळतं. दोन्ही श्री. ना. पेंडशांचीच, तेव्हा शैलीही वेगळी राखायला मदत करत नाही. मधे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घाला. माणदेशाची कोरडी हवा लागली की कोकण पुन्हा वेगळं दिसतं.

आगबोट
इतकं गणित मांडलंत आणि नेमका शब्द कोणी उच्चारला नाही. बेगमी! पावसाळ्याआधी तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची ती बेगमी. 'वाचनाची बेगमी' म्हणा. रायगडाकडे यालाच आगोट भरणं म्हणतात. गोव्यात पुरुमेंत; मे महिन्यात मडगावात त्याची फेस्तही भरते. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला. जोडाक्षरांना तो आवडणार नाही, पण पावसाच्या बाबतीत पोर्तुगीजांशी हिशेब फिटलेला आहे: अरबी 'मौसिम' त्यांनी उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे 'मान्सून' होऊन गेला आणि आता आपण तो इंग्रजीतून परत घेऊन बसलो आहोत. मोसंबीसुद्धा मोसमावरूनच आलं असणार.

तळटीप
मोसंबी मोझांबिकवरून. मोसमाचा काही संबंध नाही.

जोडाक्षर
आणि बेगमी बेगमेवरून! राणीवशाच्या भरलेल्या कोठारावरून. उघड आहे.

तळटीप
उघड दिसतं म्हणूनच फसवं. हे 'बे-गम' आहे: गम नाही, चिंता नाही. साठा भरला की निश्चिंती, म्हणून त्या साठ्यालाच बेगमी. बेगम तुर्कीतून आली, तिचं घराणं वेगळं.

खतावणी
'बेगमी' गोड आहे, पण इथे लावली तर पद्धतच बदलते. बेगमी गरजेपेक्षा जास्तच करतात, कारण पाऊस लांबला तर अडायला नको. डाळ उरली तर कार्तिकात संपते. कादंबऱ्या उरल्या की पुढच्या यादीवर चढतात, आणि तिसऱ्या वर्षी यादीत तीच नावं घट्ट बसलेली दिसतात. 'बेगमी' म्हणणारा पंधरा पुस्तकं घरात आणेल, 'यादी' म्हणणारा सहा लिहील. शीर्षकातल्या शब्दाने एवढा फरक पडतो.

शिवाय वाचनालयातून आणणार असाल तर बेगमी करताच येत नाही. एका वेळी एक-दोन पुस्तकं, पंधरवड्याची मुदत. त्यामुळे जाड पुस्तक स्वतःचं असावं, बारीक वाचनालयातून. उलट केलं तर नूतनीकरणाच्या खेपा आणि दंड.

जोडाक्षर
मग आपल्याकडचा शब्द घ्या ना! 'नेम'. चातुर्मासाचा नेम. हे काम इथे शतकानुशतकं चालू आहे. श्रावणात पोथी लावतात तेव्हा हंगामी वाचनच करतात की. श्रीधरांचे ग्रंथ बघा: 'शिवलीलामृत' १४ अध्याय, 'हरिविजय' ३६, 'रामविजय' ४०, 'पांडवप्रताप' ६४. किती दिवस हाताशी आहेत ते पाहून ग्रंथ निवडायचा आणि रोज अध्याय पुरा करूनच उठायचं. खतावणींची सगळी वजाबाकी याच्यापुढे पोरकट वाटते.

खतावणी
पोरकट असेल, पण कादंबरीला अध्यायाचा नेम लागू पडत नाही. पोथीचे अध्याय मोठ्याने वाचण्यासाठी बेतलेले. कादंबरीतलं एक प्रकरण सहा पानांचं, पुढचं चाळीस पानांचं. 'प्रकरण पुरं करूनच उठेन' म्हणणारा चाळीस पानांच्या संध्याकाळी पुस्तकच उघडत नाही. नेम वेळेचा धरावा. अर्धा तास झाला की खूण घालायची, वाक्याच्या मधे असलात तरी.

तळटीप
याला अपवाद आहे. क्रमशः छापून आलेल्या कादंबऱ्यांना तुटण्याच्या जागा आयत्या मिळतात. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकात येत होती. ते सुरू झालं १८९० मध्ये. ती आठवड्याच्या बेताने वाचली तर तिची चाल सापडते, सलग रेटली तर निवेदनातली पुनरुक्ती खुपते. ती पुनरुक्ती मागचा भाग विसरलेल्या वाचकासाठी आहे.

हप्त्याने वाचावी म्हणा. 'हप्ता' फारसी 'हफ्त'वरून, म्हणजे सात. 'सप्ताह'मधले सात तेच. दोन्ही भाषांचं मूळ एक. तेव्हा गुरुचरित्राचा सप्ताह आणि 'करमणूक'चा हप्ता चुलत भावंडं. जोडाक्षरांनी नातं तोडू नये.

ओळंबा
एक भर घालतो. 'जुन्या, गाजलेल्या'च्या जागी खर्ड्यात आधी 'अभिजात' होतं. तेही खोडलं गेलं आहे. पावसाळ्यासाठी अभिजात कादंबऱ्या, यात काय बिघडलं?

आगबोट
३ ऑक्टोबर २०२४ पासून भाषाच अभिजात झाली आहे, आता कादंबऱ्यांनी काय घोडं मारलंय?

तळटीप
भाषेच्या 'अभिजात'मध्ये प्राचीनत्वाचे निकष आहेत. कादंबरीचे तसे लावले तर काहीच हाती लागणार नाही. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'च १८५७ चं. अभिजातची अडचण दुसरीच आहे. मूळ अर्थ कुलीन, चांगल्या घरात जन्मलेला. यादीत अण्णाभाऊंची 'फकिरा' असेल तर तिच्यावर कुलीनतेचा शिक्का मारायचा का?

जोडाक्षर
म्हणून काय 'क्लासिक' म्हणायचं?

तळटीप
ते तरी कुठे निर्दोष? लॅटिन 'क्लासिकस' म्हणजे रोममधल्या वरच्या, धनवान वर्गातला नागरिक. तिथे मालमत्ता, इथे जन्म. 'अभिजात'चा जन्माचा वास वापराने उडाला असेल तर 'हंगामी'चा तात्पुरतेपणाही उडेल. एकाला सूट आणि दुसऱ्याला लाल गोल, हे मात्र चालणार नाही.

जोडाक्षर
अर्थ असे उडत नसतात. शब्द घासून पुसट झाला म्हणजे निर्मळ झाला असं नाही. 'अक्षर वाङ्मय' म्हणा. न क्षरणारं.

आगबोट
शीर्षक वाचून वाचक आधी क्षरेल.

खतावणी
विशेषणापेक्षा आवृत्तीची काळजी करा. दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला 'संक्षिप्त' असं बारीक अक्षरात तर नाही ना. मोठ्या जुन्या कादंबऱ्यांच्या शालेय आणि संक्षिप्त आवृत्त्या सर्रास फिरतात. पानं कमी भरली म्हणून हिशेब खूश होतो आणि कादंबरी मात्र हुकते. दुसरी, लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या छापील प्रतीत 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे अनुच्चारित अनुस्वार भेटतील. वीस-पंचवीस पानांत डोळा सरावतो. यादीत तो वेळ धरा, इतकंच. शक्य असेल तर नव्या लेखनातली प्रत घ्या.

जोडाक्षर
मुळीच घेऊ नका. ते अनुस्वार शोभेचे नव्हते. 'केलें' नपुंसकलिंगी एकवचन, 'केले' पुल्लिंगी अनेकवचन. आज दोन्ही 'केले' लिहितात आणि काय केले ते संदर्भावरून ओळखायचं. आपट्यांच्या लांब वाक्यात क्रियापद कोणत्या नामाचं, हे तो टिंबच सांगतो.

खतावणी
आणि चार वेळा पुनर्मुद्रण झालेल्या प्रतीत तो टिंब शाईचा आहे की व्याकरणाचा, हे कोण सांगणार?