इंडक्शनवर १८० लावलं तरी तळण तेलकट का होतं?

सावली: तापमान ठरवता येणारी इंडक्शन शेगडी खास तळणासाठी घेतली. १८० लावते, तेल तापल्याची शिट्टी वाजते. पण बटाट्याचे काप टाकले की नुसते पडून राहतात. दुसरा घाणा तर तेल पिऊन मऊच निघतो. तेल लिटरभर, भांडं सपाट बुडाचं स्टीलचं. २०० वर नेऊ का?

पाऊलवाट: न्या की. मी तर पिठाचा थेंब टाकून बघते, लगेच वर आला की घाणा टाकायचा.

तेलतूप: थेंब वर आला म्हणजे तेल गरम आहे एवढंच कळतं. ते १६० आहे की १९०, हे त्यावरून सांगता येत नाही. आणि २०० लावण्याआधी तो आकडा कशाचा आहे ते बघा.

बहुतेक शेगड्यांत सेन्सर काचेखाली, कॉइलच्या मधोमध असतो. तो काचेचं तापमान मोजतो, तेलाचं नाही. काच तापते भांड्याच्या बुडामुळे, आणि तेल तापत असताना बूड कायम तेलाच्या पुढे असतं. त्यामुळे बूड १८० ला पोचलं की शेगडी ताकद कमी करते, तेल मागेच राहतं. भांड्याचं बूड मधोमध वर उचललेलं असेल तर उलटं होतं: फटीतल्या हवेमुळे काच कमी तापते आणि तेल नको तेवढं तापतं. म्हणून न मोजता २०० लावू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तेलात बुडवायचा थर्मामीटर घ्या. आधी उकळत्या पाण्यात तपासा, १०० च्या आसपास दाखवायला हवा (उंचावर राहत असाल तर थोडा कमी). तेल ढवळून मोजा, टोक बुडाला टेकू देऊ नका.

दुसऱ्या घाण्याचं कारण वेगळं आहे. लिटरभर तेल साध्या तापमानापासून १८० ला न्यायला साधारण २८५ किलोज्यूल उष्णता लागते. कापांतल्या फक्त १०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६ लागते! घाणा पडला की तेल झपकन उतरतं ते यामुळे, आणि शेगडीला ते कळायलाही वेळ लागतो. मी घाणा टाकताच तापमानाचा मोड सोडून वॅटच्या मोडवर पूर्ण ताकद देतो, नजर थर्मामीटरवर. तेल पुन्हा १७५ च्या वर आलं की ताकद उतरवतो. काप धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडे करा. घाणा लहान ठेवा, तेल परत तापल्याशिवाय पुढचा टाकू नका. खरा फरक यानेच पडतो, शेगडी कितीही महागाची असो.

सावली: थर्मामीटर आणला. शेगडी १८० म्हणते तेव्हा तेल १५६! काप निम्मे टाकले, तुम्ही म्हणालात तसं वॅटवर चालवलं. दुसरा घाणाही कुरकुरीत निघाला. आता तापमानाच्या मोडवर २०० लावलं तर चालेल?

तेलतूप: चालेल, पण त्याच भांड्याला आणि तेवढ्याच तेलाला. भांडं बदललं की पुन्हा मोजा. आणि शेगडी आपोआप थांबेल या भरवशावर ओट्यापासून हलू नका. धूर दिसला की लगेच बंद करा. पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकायचं नाही, शेगडी बंद करून वर घट्ट झाकण ठेवायचं. ते झाकण तळायला सुरुवात करण्याआधीच हाताशी असू द्या.