कॉलरीतला रुमाल : उन्हाळा आणि बाप्या माणसाचे कपडे (अनुभव धागा)

रंकाळवेस
परवा कपाट आवरताना वडिलांचा एक पांढरा बुशशर्ट सापडला. पॉपलीनचा, अर्ध्या बाह्यांचा, खाली सरळ कापलेला. म्हणजे इन न करता घालायचा. गळ्यापाशी बघितलं तर कॉलर उलटलेली! नव्या पोरांसाठी सांगतो, घासून घासून कॉलरीची घडी विरली की शिंपी ती उसवायचा आणि वरची बाजू खाली करून परत शिवायचा. शर्ट अजून दोन उन्हाळे काढायचा. विरलेली बाजू आत गेली आहे, पण बोट फिरवलं की अजून खरखरते.

बाबा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायचे. एप्रिल-मेमध्ये कॉलरीच्या आत चार घड्या घातलेला रुमाल. घरी आले की आधी तो रुमाल नळाखाली, मग चहा. मला त्याची भयंकर लाज वाटायची. मित्र आले की मी डोळ्यांनी खुणा करायचो, काढा म्हणून. ते काढायचे पण, काही न बोलता खिशात घालायचे. मी स्वतः तेव्हा काय घालायचो? टेरिकॉटचा फुल शर्ट, इन, पट्टा, मोजे, बूट. मे महिन्यात. पाठीवर घामाचा नकाशा.

काल तो बुशशर्ट घालून भाजी आणायला गेलो. पोटावरचं एक बटण लागत नाही, पण वारा लागला हो अंगाला!

तुमचे अनुभव येऊ द्यात. बायकोने आणलेल्या शर्टांच्या तक्रारी इथं नकोत, त्याला वेगळा धागा लागेल.

तिकटीकर
कॉलर उलटणे 😂 आमच्यात थोरल्याचा शर्ट उलटलेल्या कॉलरीसकट मधल्याला, मधल्याचा मला. आईनं परत उलटायला दिला तर शिंपी म्हणाला, "वहिनी, ह्याला आता तिसरी बाजू न्हाई."

धोटा
इचलकरंजीचा आहे, त्यामुळे राहवत नाही. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आणि घरात लहानपणापासून खटखट ऐकतच झोपलोय. टेरिकॉट म्हणजे साधारण ६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के सूत. सूत घाम पितं, पॉलिस्टर पीत नाही, म्हणून तो अंगाला चिकटतो. चुरगळत नाही, लवकर वाळतो, वर्षानुवर्षं फाटत नाही, म्हणून आपल्या बापांनी घेतला. त्यांचं चुकलं नाही.

आता 'प्युअर कॉटन' म्हणून काहीही गळ्यात मारतात. शिवणीतला एक दोरा काढा आणि काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. दुकानात करू नका, हाकलतील. मला हाकललंय.

आणि कापड उजेडाला धरून बघा. विणीतून थोडा उजेड आला पाहिजे. नवं कापड कडक लागलं तर घाबरू नका, ती खळ असते, दोन धुण्यांत जाते.

नादखुळा_७७
@धोटा भावा, आत्ता गॅलरीत बसून तीन शर्टांचे दोरे जाळले. तीन मणी. तिन्ही 'कॉटन'. आई म्हणायल्या काय जळायलंय बघ.

मिसळीचा_कट
लग्न, ११ मे, दुपारी १२.३५ चा मुहूर्त. गांधीनगरात होलसेलमध्ये आम्ही सहा चुलतभावांनी एकाच ताग्यातून सफारी शिवल्या. बदामी रंग. पंगतीत वाढताना पाठीमागनं सगळे सारखेच भिजलेले, मामा मला धाकटा समजून त्याला द्यायची शिवी मला देऊन गेले. फोटोत आम्ही बँडवाले वाटतो. बँडवाले मात्र पांढऱ्या सुती कपड्यांत होते.

उंबरठा
स्त्री आहे, चालेल का? गळ्याचा मळ घासणारीला विचारा रुमालाची किंमत. @रंकाळवेस, तुमच्या वडिलांना माझा मनापासून नमस्कार. आमच्याकडे 'हे' महिन्याला एक कॉलर खराब करतात आणि वर म्हणतात साबण बदल.

दुसरं, आतून गंजी घालायची की नाही यावर एकदाचा निकाल लावा. घातली तर गरम होतं म्हणतात, नाही घातली तर शर्ट चिकटतो म्हणतात. आणि पार्सलवाला आला की दारात नुसत्या गंजीवर.

तिकटीकर
गंजी पाहिजेच. घाम ती पिते, शर्ट कोरडा राहतो.

नादखुळा_७७
अजिबात नको. दोन कापडं म्हणजे दोन उन्हाळे.

धोटा
बाहीची गंजी, सुती, सैल. घट्ट घालत असाल तर नकोच.

मिसळीचा_कट
आमच्या तालमीत लंगोट सोडून सगळ्याला चैन म्हणायचे 🙏

वळीव
कपडे राहू द्या, पायाचं बोला. कॉलेजात असताना पापाच्या तिकटीवरनं कापशी घेतली, म्हणजे कोल्हापुरी चप्पलच, करकर वाजणारी. दुकानदार म्हणाला चार दिवस घरात घाला. कोण ऐकतंय. संध्याकाळी रंकाळ्यावर मिरवायला गेलो, परत येताना चपला हातात, अंगठ्याच्या बाजूला हा मोठा फोड. आजोबांनी पट्ट्यांना खोबरेल चोळून रात्रभर ठेवल्या, सकाळी नरम.

पुढच्याच आठवड्यात वळवानं गाठलं. चपला चिंब. मी शहाणा, गच्चीवर कडक उन्हात ठेवल्या. दुपारी बघतो तर भाजलेल्या पापडासारख्या कडेनं वर उचललेल्या. आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं एक पापड म्हणून हाक मारायचे मला, ते जाईपर्यंत. हे कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्याला भिजणं आवडत नाही. भिजलंच तर सावलीत वाळवा.

खातेवही
जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला घालून पोरं चालली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? २०१९ पासून या चपलेचा जीआय (भौगोलिक मानांकन) आहे आपल्याकडे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे. तर आमच्या ऑफिसात चपलेवर यायला बंदी आहे. मी साहेबांना मिलानचा फोटो दाखवला. म्हणाले, "तिकडं जा मग कामाला."

इन करायची पण सक्ती. साडेसहाला पार्किंगमध्ये आलो की पहिलं काम म्हणजे शर्ट बाहेर ओढायचा. राजारामपुरीच्या उतारावर गाडी सोडली की शर्टात जी हवा भरते, त्यासाठी दिवसभर थांबलेला असतो माणूस.

वळीव
@खातेवही उतारावर हेल्मेट आहे ना पण? आत ओला पंचा घालून बघ. घाटावरचा म्हातारा वाटशील, पण डोकं थंड.

दूरदेशी_पांढरारस्सा
दुबईतून वाचतोय. इथे उन्हाळ्यात ४५ अंश, आणि ऑफिसात एसीमुळे स्वेटर. बाहेरचा उन्हाळा आणि आतला हिवाळा, कपाटात दोन्ही. गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात का अजून? धारोष्ण दूध?

तिकटीकर
असतात की. काल रात्रीच ग्लास मारला. फेसाची मिशी आली 😌

दूरदेशी_पांढरारस्सा
निर्दयी माणसा.

गुलालखोबरं
चैत्र यात्रेला ज्योतिबावर पांढराशुभ्र झब्बा घालून गेलो होतो, पहिल्यांदाच. सासनकाठीजवळ पोचेपर्यंत मी आणि झब्बा दोघं गुलाबी. घरी आल्यावर झब्बा गुपचूप मशीनमध्ये टाकला. त्यात पप्पांचे ऑफिसचे तीन पांढरे शर्ट आधीच होते. मम्मी दोन दिवस बोलली नाही. पप्पांनी त्यातला एक शर्ट वर्षभर घातला, कुणी विचारलं की म्हणायचे, देवाचा रंग आहे. बाकीच्या दोन शर्टांची फरशी पुसायची फडकी झाली. अजून एक आहे, गाडी पुसायला.

उंबरठा
तुमच्या मम्मीचा नंबर असता तर फोन केला असता. दोनच दिवस?

नवखा_पेठेत
शिवाजी पेठेत अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट सैल शिवून देणारा कुणी आहे का? सगळे स्लिम फिटच विचारतात. माझं अंग स्लिम नाही, फिट पण नाही.

धोटा
कापड घेऊन इकडे या. शिंपी मी दाखवतो. पण आधी काडीपेटी आणा.

रंकाळवेस
काय मजा आणलीत मंडळी, दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून वाचतोय. बुशशर्टाचं सांगायचं राहिलं. शिंप्याकडे नेला, पोटावर थोडा वाढवा म्हटलं. त्यानं उलटा करून शिवण बघितली, म्हणाला, आत कापडच सोडलेलं नाही, पोरासाठी शिवलाय का? मी म्हटलं बापाचा आहे. मग तो गप्प बसला. बाबा एवढे बारीक होते हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता बटण उघडं ठेवून आत गंजी घालतो. गंजीवाद्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

तिकटीकर
👏👏 शनिवारी गंगावेशीत या रात्री दहाला, बुशशर्टावर. दूध माझ्याकडून.

दूरदेशी_पांढरारस्सा
फोटो टाकू नका. विनंती आहे.