मदत हवी आहे : मुलगी २१ वर्षांची होण्याआधी ग्रीन कार्डचा नंबर लागला नाही तर?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी ईबी-२ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा एक वर्ग) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मार्च २०१६ ची आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपली रांग एवढी लांब. हे गणित आता पाठ झालंय.

काळजी लेकीची आहे. चार वर्षांची असताना पुण्याहून आली, आता एकोणीस पूर्ण झाली. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आहे. एकविसाव्या वर्षानंतर तो चालत नाही आणि आमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातही ती मूल म्हणून धरली जात नाही. त्यासाठी मुलांचं वय मोजण्याच्या सीएसपीए कायद्याने आय-१४० (कंपनीने आपल्यासाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस मुलांच्या वयातून वजा होतात. आम्ही मात्र तेव्हा प्रीमियमची जादा फी भरून पंधरा दिवसांत मंजुरी मिळवली होती. म्हणजे वजा होणार फक्त पंधरा दिवस! ती घाई आज फार टोचते. त्यात १५ ऑगस्ट २०२५ पासून वय मोजायला पुन्हा फायनल अ‍ॅक्शन डेटचाच (ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येतं त्या तारखांचा) तक्ता धरतात.

नोकरी बदलून, जुनी तारीख कायम ठेवून, नवा आय-१४० प्रीमियमशिवाय भरला, तर त्याचे प्रलंबित महिने वजा झाल्याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? दोन वकिलांनी दोन उत्तरं दिली.

आणि मुलांचं एच-४ वरून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) कुणी केलंय? इथूनच अर्ज केला की भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग? एकविसाव्या वाढदिवसाच्या किती महिने आधी सुरुवात केली?

मेसेज केलात तरी चालेल, मी फोन करेन.