खटलाच भरला नाही, तर हक्काचा भंग कसा?

प्रश्न: प्रौढांमधील संमतीच्या खासगी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आहे, पण त्याखाली कोणावर खटला भरला जात नाही, तरीही मानवी हक्कांचा भंग होतो का?

प्रतिसाद १: निश्चित होतो. उत्तर आयर्लंडमध्ये पोलिसांनी जेफ्री डजन या समलैंगिक पुरुषाच्या घराची झडती घेतली, खासगी पत्रे, रोजनिशी नेली आणि त्यांच्या लैंगिक जीवनाविषयी तासन्‌तास चौकशी केली. खटला भरला नाही. तरीही असा कायदा नुसता अस्तित्वात असणे हीच खासगी जीवनातली सततची ढवळाढवळ आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवले. पत्रे चाळली जाण्याची ती धास्ती हीच मुळात शिक्षा आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: सार्वजनिक आरोग्याचे कारण पुढे केले तर?

प्रतिसाद २: ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्यातही असाच कायदा होता आणि त्यासाठी राज्याने एड्सच्या प्रतिबंधाचे कारण दिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९४ मध्ये टास्मानियातील निकोलस टूनन यांच्या तक्रारीवरील प्रकरणात ते फेटाळले, कारण गुन्ह्याच्या भीतीने लोक लपून राहतात आणि प्रतिबंधाचे कामच अडते. टास्मानियाने ती कलमे १९९७ मध्ये रद्द केली.