ऐन, किंजळ की अर्जुन? पानांवरून काही कळेना

वहाळकाठ:
मंडळी, राजापूर तालुक्यात आमच्या घरामागे वहाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून तीन थोराड झाडं आहेत. काका म्हणतात तिन्ही ऐनच. लाकूड बघायला आलेला व्यापारी म्हणाला दोन किंजळ, एक ऐन. आणि पांढरट खोडाचं जे आहे ते मला अर्जुन वाटतंय. तिघांची पानं आणून ओटीवर शेजारीशेजारी मांडली, तर सगळीच लांबट, जाड, सारख्याच शिरांची. कशावर भरवसा ठेवायचा? झाडं तोडायची नाहीत, काकांशी पैज लागली आहे.

बीवाला:
पानं गुरांना घाला आणि झाडाखाली जाऊन बसा. मी रोपवाटिकेसाठी बी गोळा करतो, त्यामुळे माझी नजर आधी खालीच जाते. तिन्ही झाडं हिरडा-बेहड्याच्या टर्मिनालिया गोतातली, म्हणून पानं फसवतात. फळं फसवत नाहीत.

ऐनाच्या फळाला पाच पंख, रुंद आणि चपटे. उजेडात धरलंत तर मधल्या कण्यापासून कडेपर्यंत सरळ आडव्या रेघा गेलेल्या दिसतात. अर्जुनालाही पंख पाचच, पण अरुंद, जाड, कडक. त्यांना पंख म्हणणं हाच उदारपणा आहे! आणि त्यावरच्या रेघा वरच्या बाजूला वळतात. आकारावर जाऊ नका, दोन्ही फळं साधारण दोन-दोन इंचांपर्यंत भरतात. किंजळाचं फळ त्यांच्यापुढे अगदीच बारकं, जेमतेम सेंटिमीटरभर. पंख तीन, त्यातला एक मोठा आणि दोन नावापुरते. पावसाळा सरल्यावर या फळांच्या घोसांनी किंजळाचा अख्खा माथा तांबूस होतो, लांबूनही ओळखू येतो.

फळ नसेल तर खोड बघा. ऐनाचं खोड म्हणजे सुसरीची पाठ: काळपट, खोल भेगांनी चौकोन-चौकोन पडलेलं. किंजळाचंही काळपटच, पण भेगा उथळ, उभ्या. अर्जुन गुळगुळीत, राखी-पांढरा, मधूनच हिरवट-गुलाबी, आणि सालीचे पातळ पापुद्रे सुटलेले.

आता पानच बघायचं असेल तर उलटं करून बघा. ऐनाच्या पानाला मागून, मधल्या शिरेवर, देठाजवळ एक-दोन उठावदार गाठी असतात, बोटाला लागतात. अर्जुन आणि किंजळ यांच्यात मात्र गाठींवरून निवाडा करायला जाऊ नका, दोघांनाही देठापाशी जोडी असते.

कातळसडा:
वरचं सगळं मान्य. एक भर घालतो, झाडाच्या ठेवणीवरून अजिबात ठरवू नका. आपल्याकडे भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वर्षानुवर्षं ऐनाची कवळं, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडतात, त्यामुळे बांधावरचा ऐन बुटका, गाठाळ, डोक्यावर झुपका घेतलेला असतो. तोच ऐन देवराईत बघा, सरळसोट वर गेलेला. नवख्या माणसाला ही दोन वेगळी झाडं वाटतात. आणि वहाळाकाठी आहे म्हणजे अर्जुनच, असंही नाही. अर्जुनाला पाणी लागतं हे खरं, पण ऐन-किंजळ पाण्याकाठी उभे राहत नाहीत असं कुणी सांगितलं?

वहाळकाठ:
आज सकाळी तिघांच्या बुंध्याशी बसून आलो. पांढरट झाडाखाली कडक, पाच कंगोऱ्यांची फळं. रेघा वर वळलेल्या. म्हणजे अर्जुन. मधल्याच्या खाली तांबूस बारीक चुरा पडला होता, तळहातावर घेतला तर एकेक मोठा पंख दिसला, किंजळ. तिसऱ्याखाली फळ नाही, पण सालीला चौकोन आहेत आणि पानामागे गाठही लागली. तिघं तीन तऱ्हेचे निघाले. काका फळं हातात घेऊन म्हणाले, "ऐनच रे, जात वेगळी." पैजेचे पैसे काही निघत नाहीत.

अर्जुनाची फळं पिशवीभर आणली आहेत. रुजतील का?

बीवाला:
रुजतील, पण तशीच मातीत टोचू नका. तीन-चार दिवस पाण्यात भिजत घाला, मगच पिशव्या भरा. आणि धीर धरा, कोंब यायला महिना-दोन महिने लागतात. किंजळाचं बी मला हवंय, असेल तर निरोप टाका.