असईच्या लढाईचा नकाशा करतोय, लष्करी चिन्हं कुठून आणायची?

केळणाकाठ
मंडळी, नमस्कार. गावच्या वाचनालयात असईच्या लढाईवर (२३ सप्टेंबर १८०३, शिंदे विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली) बोलायचंय. भिंतीवर लावायला ए-१ आकाराचा नकाशा हवाय. क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) जेमतेम येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून टोपोशीट उतरवली, केळणा आणि जुई या दोन्ही नद्या गिरवून झाल्यात. आता फौजा मांडायच्यात. चौकटीत फुली, चौकटीत टिंब अशी ती नाटोवाली चिन्हं असतात, ती कुठे मिळतात आणि नकाशात कशी बसवायची? बजेट शून्य, जे आहे ते छपाईत जाणार.

भूगोल_दादा
सरळ आर्कजीआयएस प्रो घे. लष्करी चिन्हांची स्टाइल तयार मिळते, कोड भरला की चिन्ह आपोआप उमटतं. आणि लॅपटॉपला ३२ जीबी रॅम हवीच. मी दिवाळीत घेतला, एवढे थर टाकतो पण पंख्याचा आवाज नाही.

केळणाकाठ
दादा, बजेट शून्य लिहिलंय वर.

भूगोल_दादा
वाचलं. शून्यात शून्यच येतं. एकदाच घे पण चांगलं घे.

निवृत्त_तोफची
आम्ही नकाशावर टाल्क (पारदर्शक प्लास्टिक) पसरून चायनाग्राफ या मेणाच्या पेन्सिलीने हीच चिन्हं काढायचो. बाही घासली की अख्खी ब्रिगेड पुसली जायची, आणि शिव्या खायला मी. आता पोरांना बटण दाबायचाही कंटाळा. असो. आधी चिन्ह वाचायला शिका, मग सॉफ्टवेअर. चौकट सांगते कोण: निळा आयत आपला, लाल शंकरपाळी शत्रूची, हिरवा चौरस तटस्थ. आतली खूण सांगते काय: फुली म्हणजे पायदळ, एकच तिरकी रेघ म्हणजे घोडदळ, भरीव टिंब म्हणजे तोफखाना. टिंब तोफगोळ्याचं आणि फुली शिपायाच्या छातीवरच्या आडव्या पट्ट्यांची, असं आम्हाला शिकवलं होतं. चौकटीच्या डोक्यावर आकारमान: एक उभी रेघ कंपनी, दोन बटालियन, एक फुली ब्रिगेड, दोन फुल्या डिव्हिजन. डाव्या खालच्या कोपऱ्यातून काठी लोंबत असेल तर मुख्यालय. छपाई काळी-पांढरी असली तरी अडत नाही, शंकरपाळी ती शंकरपाळीच.

खडूस_पुणेकर
एक मिनिट. निळे कोण? वेलस्ली? शिंद्यांच्या फौजेला लाल शंकरपाळी लावलेला नकाशा वाचनालयात लागला तर मी स्वतः येऊन उतरवीन.

मोडीवाचक
इतकं सोपं नाहीये ते. वेलस्लीच्या बाजूला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार होते. त्यांना कुठला रंग देणार? आणि शिंद्यांचे कंपू (कवायती फौजेचे मोठे गट) हाकणारा पोहलमान मूळचा हनोव्हरचा. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांकडेच. आपला-परका ठरवायला बसलात तर नकाशा राहील बाजूला.

खडूस_पुणेकर
म्हणजे पेशव्यांना लाल करायचं? तुमचा रोख कळतो मला.

निवृत्त_तोफची
भांडू नका. निळा म्हणजे नकाशा काढणाऱ्याची बाजू, एवढंच. सोव्हिएत नकाशांत उलटं असे, आपले लाल आणि शत्रू निळा. कोणाच्या तंबूत बसून काढताय ते ठरवा आणि पुढे चला.

नकाशावाली
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मिलसिम्बॉल नावाची फुकट, मुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. कोड दिला की ती एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) चित्र काढून देते. अमेरिकेचं २५२५ मानक आणि नाटोचं एपीपी-६ दोन्ही चालतात. २५२५च्या डी आवृत्तीत कोड २० अंकी असतो. उदा. आपल्या पायदळ बटालियनचा १००३१०००१६१२११००००००. चौथा अंक ३ म्हणजे आपला, तिथे ६ टाकला की शत्रू. नववा-दहावा मिळून १६ म्हणजे बटालियन, १८ केलं की ब्रिगेड. प्रत्येक चित्राला त्याच्या कोडचंच नाव देऊन सगळी एका फोल्डरात ठेवा. क्यूजीआयएसमध्ये बिंदूंच्या थराला एसव्हीजी मार्कर लावा. फाइलच्या पत्त्याशेजारी डेटा-डिफाइन्डचं छोटं बटण असतं, त्यात सूत्र लिहा: फोल्डरचा पत्ता, दोन उभ्या रेघा, कोडच्या स्तंभाचं नाव, दोन उभ्या रेघा, डॉट एसव्हीजी. (पत्ता आणि डॉट एसव्हीजी एकेरी अवतरणात.) झालं.

आता माझी फजिती ऐका. कोड मी स्प्रेडशीटमध्ये भरले. ती आकड्याचे पहिले १५ अंकच खरे ठेवते, पुढचे शून्य करून टाकते. नेमका तोफखाना-पायदळाचा भेद तिथवर येतो म्हणून सुरुवातीला वाटलं चाललंय, मग फाइल उघडली तर कोडच्या जागी १.००३१ई+१९! एकही चित्र उमटेना. रात्री दोनपर्यंत मी फोल्डरचा पत्ता तपासत बसले होते. स्तंभ आधीच मजकूर म्हणून ठेवा, आणि सीएसव्ही आणताना प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढा. नाहीतर १५ अक्षरी जुने सी आवृत्तीचे कोड वापरा, त्यांत अक्षरं असल्याने ही भानगड होत नाही.

सह्याद्रीचा_पक्षी
वर कोणी सांगितलं नसेल तर सांगतो, मिलसिम्बॉल बघा. फुकट आहे. स्तंभ मात्र मजकूर ठेवा.

नकाशावाली
🙏

पहिलटकर
माझीही फजिती लिहून ठेवतो. खर्ड्याच्या नकाशात मी पलटण म्हणजे प्लाटून समजून डोक्यावर तीन टिंबं दिली. छापून झाल्यावर एका काकांनी विचारलं, तीस-तीस माणसं घेऊन निजामाशी लढायला गेले होते का रे? पलटण म्हणजे बटालियन, दोन रेघा. आणि कंपूला एक फुली.

मोडीवाचक
कंपू म्हणजे ब्रिगेड हे समीकरण ढोबळ आहे. कंपूत तोफा, स्वार सगळंच असे. अवांतर: स्वारांना तिरकी रेघ देऊ नका, आजच्या लष्करात ती टेहळणीची खूण आहे. पेंढारी काय टेहळणी करत होते?

निवृत्त_तोफची
करतही असतील, लूट कुठे आहे याची.

भूगोल_दादा
रॅम किती आहे ते धागाकर्त्याने अजून सांगितलेलं नाही.

केळणाकाठ
सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून ताईंच्या पद्धतीने चिन्हं लावली, पहिल्या झटक्यात उमटली. नकाशा देखणा दिसला आणि लढाईच दिसेना. नाटोचं चिन्ह कायम उभंच राहतं, फौजेचं तोंड कुठे ते सांगत नाही. असईत तर सगळी गोष्ट तोंडाचीच आहे. शिंद्यांची रांग केळणेकडे, दक्षिणेला तोंड करून उभी. वेलस्ली पिंपळगावाजवळच्या उतारातून नदी ओलांडून बगलेवर आला, आणि पोहलमानने अख्खी रांग काटकोनात वळवून पूर्वेला तोंड केलं. तोफांसकट! ते माझ्या नकाशात म्हणजे आठ चौकटी इथून उचलून तिथे ठेवल्या, बस.

म्हणून चिन्हं काढली. जुन्या लढाईच्या नकाशांसारख्या जाड पट्ट्या मारल्यात, ज्या बाजूला तोंड तिकडे बारीक दाते. पहिली जागा तुटक रेघेने, वळल्यानंतरची सलग. ७४वी हायलँडर पलटण असईच्या अंगाला भरकटून कापली गेली ती वाटही आता एका नजरेत कळते. नाटोची चिन्हं फक्त कोपऱ्यातल्या फौजांच्या तक्त्यात ठेवलीत, मेहनत वाया जायला नको म्हणून.

नकाशावाली
तक्त्यात सगळ्यांना निळे आयत दिलेत ना? रंगाचं भांडण मिटलं तर.

खडूस_पुणेकर
मिटलं कुठे? नकाशातल्या पट्ट्यांचा रंग सांगितलेला नाही.

केळणाकाठ
शिंदे भरीव काळे, ईस्ट इंडिया कंपनी पोकळ.

खडूस_पुणेकर
पोकळ. चालेल. उतरवत नाही.